पान दोनशे बारा

गुरुवारी दुपारी दोन वाजल्यापासून ग्रानफोर्स विद्यापीठाच्या भूविज्ञान इमारतीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. प्राध्यापक होते, कारकून होते, प्रयोगशाळेतून हात न धुता धावत आलेली मंडळी होती. सगळ्यांच्या माना वर आणि तोंडं उघडी. भिंतीवर दाराएवढा पडदा होता आणि त्यावर एकच आकडा झळकत होता: ४९,९८१.

हा आकडा म्हणजे प्राध्यापक ग्रेगर लिलियेक्रांत्सची आयुष्यभराची कमाई. जगभरच्या शास्त्रज्ञांनी आपल्या लेखांत ग्रेगरच्या लेखांचा संदर्भ आजवर जितक्या वेळा दिला, त्याची ती बेरीज. पण एवढं लांबण कोणी लावत नसे. सगळे नुसतं ‘आकडा’ म्हणत, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली येई. ज्या गावात रविवारी चर्चमध्ये पाच म्हाताऱ्या आणि एक पाद्री उरतो, तिथेही माणसांना डोकं टेकायला काहीतरी लागतंच.

सकाळच्या कॉफीच्या वेळी ग्रेगर सहज बोलल्यासारखा बोलला होता, "आज तीनच्या आत पन्नास हजार होतील. मला आतून जाणवतंय." जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही वार्ता चारही मजले फिरून आली. तातडीने हिरव्या मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या गोड लगद्याचा, केक मागवला गेला, आणि त्यावर आधीच साखरेने ५०,००० लिहून घेतलं गेलं. श्रद्धा असावी तर अशी.

तोर्डिस एकबेर्ग केकच्या अगदी जवळ उभी होती. वय एकसष्ट, चौतीस वर्षं वाचनालयात, आणि आता तळघरातल्या छापील पुस्तकांची शेवटची राखणदार. आकड्यावर तिचा फारसा भरवसा नव्हता, केकवर होता.

दोन चाळीसला आकडा हलला. ४९,९८८ झाले. मग ४९,९९६. गर्दीतून एक हुंकार उठला. क्षणभर पडदा तसाच राहिला आणि एकदम ५०,०११ वर येऊन थांबला.

"बघितलंस? अगं, बघितलंस का?" शेजारच्या प्रयोगशाळा सहायकाने तोर्डिसचा दंड दाबला. "सांगून वाढला! तीनच्या आत म्हणाला होता, तीनच्या आत!"

"बघितलं. आता केक कापणार का?"

"तुला काही वाटतच नाही का गं?"

"भूक वाटतेय."

तेवढ्यात जिन्यावरून ग्रेगर उतरला. धिप्पाड माणूस, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, आजीने विणल्यासारखा स्वेटर, आणि नोव्हेंबरात मोज्यांवर सँडल. त्याला उशीर झाला नव्हता, त्याने उशीर केला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो हात जोडावेत तसे छातीशी घेऊन थांबला आणि डोळे मिटून म्हणाला, "मित्रांनो, मी कोण? मी काहीच नाही. मी रोज पहाटे तळ्याच्या गार पाण्यात डुबकी मारतो आणि कामाला बसतो. बाकी सगळं आपोआप होतं. आकडा मला निवडतो, मी आकड्याला नाही."

पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. ती संख्याशास्त्र शिकवत असे.

मग अधिष्ठाता स्टेलान बोलायला उभा राहिला. हा गुळगुळीत चेहऱ्याचा मनुष्य कधी कोणाला नाही म्हणत नसे, त्याचे नियम म्हणत. "जानेवारीपासून पाण्यावर संशोधन करणारा एकच गट ठेवायचा आहे," तो म्हणाला. "निर्णय पुढच्या बुधवारी. पण काळजी नको, कोणावर अन्याय होणार नाही. माणसं आवडीनिवडी पाहतात, आकडा पाहत नाही." आणि तुलना सोपी जावी म्हणून त्याने बटण दाबलं. पडद्यावर ग्रेगरच्या खाली दुसरं नाव उमटलं: इंगेला हेडवॉल, १८७.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग हळूहळू पुष्कळ जण हसले, कारण पन्नास हजारांखाली एकशे सत्त्याऐंशी खरंच विनोदी दिसत होते. इंगेला दारापाशी उभी होती. तिच्या गमबुटांना चिखल होता, कारण ती थेट एका गावातून आली होती. ती हसण्याचा प्रयत्न करत होती आणि ते बघणं तोर्डिसला फार जड गेलं. एव्हाना कापून हातात आलेला केक तिने तसाच ठेवून दिला.

*

दुसऱ्या दिवशी इंगेला तळघरात आली ती पुस्तकं परत करायला. तोर्डिसने तिला बसवलं आणि थर्मासमधली कॉफी ओतली.

"आवरायला लागलीस?"

"बुधवारची वाट कशाला बघू? तोर्डिस, एकोणीस वर्षं मी बाटल्या घेऊन फिरतेय. तीनशे चाळीस बोअर. प्रत्येकाचं पाणी वर्षातून दोनदा. माझं लिखाण कोण वाचतं? गावातली माणसं वाचतात. ती पाणी उकळतात, गाळतात, दुसरीकडून आणतात. संदर्भ नाही देत."

"नोकरी गेली तर त्या बोअरचं काय?"

"नोर्राहुल्ट गावच्या इल्वा सांदालचं नवं बोअर आहे. जानेवारीत तिच्या पाण्याची तपासणी. तिला मार्चमध्ये बाळ होणार. त्या खडकात सोमल आहे, आर्सेनिकचं विष, आजूबाजूच्या चार बोअरमध्ये मला सापडलाय. सोमलाला चव नसते, वास नसतो. बाळाची दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवणार." इंगेलाने कप खाली ठेवला. "मी नाही गेले तर इथून एक पत्र जाईल. नकाशावर जमीन कुठली ते बघायचं, खोली घालायची, लिलियेक्रांत्सचा स्थिरांक लावायचा, आणि लिहायचं: पाणी निर्धोक. बाटली भरायची गरज नाही, गावात जायची गरज नाही."

"आणि तो स्थिरांक बरोबर आहे?"

"साफ चुकीचा आहे! मी तसा लेखही लिहिला सहा वर्षांपूर्वी. ज्या नियतकालिकात दिला त्याचा संपादक कोण? ग्रेगर. त्याचं पत्र आलं: लेख सुरेख, फक्त पाया दुबळा, माझे सहा संदर्भ घाला. घातले. नाहीतर छापलाच नसता."

तोर्डिस कॉफी ढवळायची थांबली. "म्हणजे त्याचं चूक आहे असं तू लिहिलंस, आणि त्यातून त्याच्याच आकड्यात सहाची भर पडली?"

"आकड्याला काय कळतं? शिवी दिली काय नि ओवी गायली काय, एक म्हणजे एक."

"बरं, हा स्थिरांक त्याने सिद्ध कुठे केला?"

"चौऱ्याण्णवच्या भूजल परिषदेत. लिलियेक्रांत्स, १९९४, पान दोनशे बारा. जगातली पोरंबाळं झोपेत सांगतील. एकोणीसशेच्या वर संदर्भ आहेत त्या एकट्याला."

"काय लिहिलंय त्या पानावर?"

इंगेलाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"तू वाचलं नाहीस?" तोर्डिस म्हणाली.

"सगळेच देतात म्हणून..."

"तू पण?"

"तोर्डिस, ते पाठ असतं गं. कोण शोधत बसतं?"

तोर्डिसला तिला फैलावर घ्यायचं होतं, पण तिला स्वतःचीच लाज वाटली. कुठलाही प्रबंध वाचनालयात आला की त्यातल्या एका संदर्भावर डोळे मिटून बोट ठेवायचं आणि ते पुस्तक तळघरातून काढून बघायचं, ही तिची चौतीस वर्षांची जुनी सवय. ग्रेगरच्या शिष्यांच्या प्रबंधात बोट दोन-तीनदा या १९९४ वरच पडलं होतं. दरवेळी तिने बोट सरकवलं होतं. इतके लोक देतात, ते काय नसेल? नास्तिक म्हणवणाऱ्या तोर्डिसनेसुद्धा या देवळात निमूटपणे चप्पल काढली होती.

ती उठली. सतराव्या रांगेच्या तळाशी त्या परिषदेच्या इतिवृत्ताचा निळ्या कापडी बांधणीचा ठोकळा होता. शेवटच्या पानावरची नोंदपट्टी कोरी होती. एकतीस वर्षांत तो कोणी घरी नेला नव्हता. तोर्डिसने उघडला तेव्हा त्याचा कणा पहिल्यांदाच मोडल्यासारखा करकरला.

पान दोनशे बारा. वर ठळक अक्षरांत: ‘खडकाळ जमिनीतील सोमलाचा स्थिरांक. वक्ता: ग्रेगर लिलियेक्रांत्स.’ खाली तिरप्या अक्षरांत एकच ओळ: ‘वक्ता येऊ न शकल्याने हे व्याख्यान झाले नाही. त्या वेळात उपस्थितांना कॉफी देण्यात आली.’

उरलेलं पान कोरं.

इंगेलाने ते दोनदा वाचलं. मग ती हसायला लागली, पोट धरून हसली, आणि हसता हसता तिचं हसू कुठे संपलं ते तोर्डिसला कळलं नाही. "एकोणीस वर्षं," ती डोळे पुसत म्हणाली, "एकोणीस वर्षं मी चिखल तुडवला, आणि हा माणूस कॉफीवर उभा आहे."

"आणि ती कॉफीसुद्धा त्याने प्यायलेली नाही," तोर्डिस म्हणाली.

आता तिला चेव आला. तिने संगणक सुरू केला आणि गुरुवारच्या चमत्काराकडे वळली. ग्रेगरच्या नियतकालिकाचा नवा अंक त्या दिवशी दुपारी अडीचला प्रसिद्ध झाला होता. अंक कधी सोडायचा ते संपादकाच्या हातात. चौदा लेख होते. एक सांडपाण्यावर, एक रेनडियरच्या चाऱ्यावर, एक बंदरातल्या गाळावर, आणि एक तर रस्त्यावर टाकायच्या मिठावर. चौदाही लेखांच्या शेवटी ग्रेगर हजर होता, कुठे एकदा, कुठे तीनदा. तोर्डिसने पेन्सिलीने खुणा केल्या आणि मोजलं. तीस. ४९,९८१ आणि तीस मिळून ५०,०११ होतात, हे तिला कागदावर करून बघावं लागलं नाही.

"आतून जाणवतं म्हणे," ती म्हणाली. "खिशात किल्ली असली की कुलूप उघडणार हे कोणालाही आतून जाणवतं."

*

ग्रानफोर्समध्ये प्रबंध आधी लाकडाला ठोकतात आणि मग त्यावर वाद घालतात. वाचनालयाच्या दाराशी ओकचा एक जुना बुंधा उभा आहे. प्रबंधाच्या कोपऱ्याला भोक पाडून, सगळ्यांसमक्ष, हातोडीने खिळा मारून तो तिथे टांगायचा. पुढचे तीन आठवडे तो तिथे राहतो. कोणीही यावं, वाचावं, चूक काढावी. तीन आठवडे त्याला हात लावायची अधिष्ठात्यालाही मुभा नाही. हातोडी वाचनालयाच्या ताब्यात असते, म्हणजे तोर्डिसच्या.

त्या बुधवारी अकराला मोआचा प्रबंध होता. मोआ ग्रेगरची विद्यार्थिनी, पाच वर्षं राबलेली, प्रबंधात स्थिरांकच स्थिरांक. सगळा विभाग जमला होता. दोन वाजता समिती बसायची होती, त्यामुळे स्टेलानही आला होता. मोआने खिळा ठोकला, टाळ्या झाल्या, आणि तिने हातोडी परत दिली.

तोर्डिसने ती कपाटात ठेवली नाही. तिने स्वेटरखालून निळा ठोकळा काढला, पान दोनशे बारा उघडलं, बुंध्यावर धरलं आणि चार इंची खिळा त्यावर टेकवला. पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून तिने या इमारतीत प्राध्यापकांना रडवलं होतं. आता तिने दणादण पाच घाव घातले आणि तिच्या ताब्यातली ती एकुलती एक प्रत लाकडाला जखडली.

"तोर्डिस! काय करतेस हे?" स्टेलान ओरडला.

"ठोकतेय. एकतीस वर्षं राहून गेलं होतं. या, वाचा. एकच ओळ आहे, कोणाचा वेळ जाणार नाही."

मोआ सगळ्यात जवळ होती. तिने वाचलं. ओठ हलवत पुन्हा वाचलं. "पण... मी हे नऊ वेळा दिलंय," ती म्हणाली. "नऊ वेळा!"

"मोठ्याने वाच, बाळ."

मोआने मोठ्याने वाचलं. ‘कॉफी देण्यात आली’ या शब्दांवर तिचा आवाज चिरकला. साठेक विद्वान उभे होते आणि प्रत्येकजण मनात मोजत होता की आपण ते किती वेळा दिलंय.

ग्रेगर मात्र डगमगला नाही. त्याने दाढीवरून हात फिरवला. "मला गालगुंड झाले होते," तो दुःखाने म्हणाला. "तापाने फणफणलो होतो. मित्रांनो, सत्य व्याख्यानात नसतं. ते आधीपासून असतंच. मी ते फक्त..."

"मग सिद्धता दाखव," इंगेला म्हणाली.

"इंगेला, सिद्धता म्हणजे काय? जगातल्या एकोणीसशे शास्त्रज्ञांनी जे मान्य केलं..."

"मान्य नाही केलं, उतरवून घेतलं. मीही घेतलं. आणि का घेतलं ते सांगू?" तिने खिशातून त्याचं पत्र काढलं. "‘लेख सुरेख. फक्त पाया दुबळा. लिलियेक्रांत्स १९९४ आणि पुढील पाच घालावेत.’ अशी पत्रं आणखी कोणाकडे आहेत? हात वर करा."

हात वर करणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा एक आला, मागच्या रांगेतून, कोपरातच अडकलेला. मग दुसरा. मग अकरा झाले. तोर्डिसने तेवढ्यात गुरुवारच्या अंकाची यादी वाचायला घेतली: सांडपाणी दोन, रेनडियर तीन, मीठ एक. रेनडियरला लोक हसले. पण हे हसू पडद्यावर १८७ आल्यावरच्या हसण्याइतकं मोकळं नव्हतं.

"लोकांनी दिलं ते मी घेतलं," ग्रेगर म्हणाला. त्याचा आवाज आता जरा बारीक झाला होता. "मी कधी म्हटलं का, की व्याख्यान झालं?"

"नाही," तोर्डिस म्हणाली. "एवढं एकच तू खरं वागलास. स्टेलान, आता आकड्यातून किती वजा करणार?"

स्टेलानने घड्याळ पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता, पण त्याचे नियम कोरडे ठणठणीत होते. "आकडा गेल्या गुरुवारचा धरायचा असं ठरलंय. तो नियमाप्रमाणे मोजलेला आहे. अर्जाच्या नमुन्यात... म्हणजे आकड्यामागे काय आहे, याला तिथे रकाना नाही, तोर्डिस. माझ्या हातात असतं तर..."

"कोणाच्या हातात आहे?"

"समितीच्या."

"समितीत कोण?"

"मी," स्टेलान म्हणाला, "आणि इतर." मग तो सगळ्यांकडे वळून म्हणाला की कॉफी थंड होतेय.

लोक कॉफीकडे गेले. ते वाईट नव्हते, त्यांना घरदार होतं आणि त्यांच्या स्वतःच्या आकड्यांतही पान दोनशे बाराच्या विटा होत्या. दुपारी दोनला समिती बसली आणि अडीचला उठली. पन्नास हजार राहिले, एकशे सत्त्याऐंशी गेले.

*

जानेवारीत इंगेलाची प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. तिने घरून इल्वाला फोन केला. इल्वा चांगली बोलली, पण अवघडून. विद्यापीठाचं पत्र तिला आदल्याच दिवशी मिळालं होतं, पाणी निर्धोक आहे म्हणून. "तुझं वाईट झालं गं," ती म्हणाली, "पण तू रागाने बोलतेयस, असं इकडे सगळे म्हणतात." इंगेलाने दुसऱ्यांदा केला तेव्हा तो नवऱ्याने उचलला आणि ठेवून दिला.

मग इंगेला आणि तोर्डिस दोघींनी मिळून एक टिपण लिहिलं. एका पानाचं. पान दोनशे बारावर काय आहे आणि काय नाही, एवढंच. ते परदेशात एप्रिलमध्ये छापून आलं आणि विद्वानांमध्ये हास्याचा स्फोट झाला. जो तो त्यावर लिहू लागला. कोणी खेद व्यक्त केला, कोणी कान उपटले, कोणी विज्ञानाच्या ऱ्हासावर वीस पानं खर्ची घातली. आणि लिहायचं म्हणजे संदर्भ द्यायचा. दोन संदर्भ: एक या टिपणाचा, आणि एक, अर्थातच, लिलियेक्रांत्स १९९४, पान दोनशे बारा.

तळमजल्यावरचा पडदा सप्टेंबरात ५०,७०० वर होता. चोराला पकडून दिलं की चोराच्या झोळीत आणखी एक नाणं पडावं, असा हा न्याय. ग्रेगर आता भाषणाची सुरुवातच ‘माझी ती प्रसिद्ध कॉफी’ अशी करतो आणि लोक प्रेमाने हसतात, असं तोर्डिसच्या कानावर आलं. ती निवृत्त झाली होती. सरकारी मालमत्तेत खिळा मारल्याबद्दल तिला निरोपाचा केक मिळाला नव्हता.

त्याच महिन्यात स्टेलानचा इंगेलाला फोन आला. तोर्डिस तिच्या स्वयंपाकघरात बसली होती, तिने सगळं ऐकलं.

"इंगेला! अभिनंदन! तुझा आकडा बघितलास? सहाशे चाळीस! पाणी विभागात वर्षभरात टक्क्यांनी एवढी वाढ कोणाचीच नाही. आता तुला परत घ्यायला मला काहीच अडचण नाही."

"तू टिपण वाचलंस, स्टेलान?"

"वाचलं म्हणजे... सारांश पाहिला."

"एक पानाचं आहे रे ते. त्याला सारांश नाही."

इंगेलाने तोर्डिसकडे पाहिलं. एकोणीस वर्षांच्या तीनशे चाळीस बोअरनी जे दिलं नव्हतं, ते एका न झालेल्या व्याख्यानाने दिलं होतं. फोन आपटावा असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. पण तिने विचारलं, "किल्ली कधी मिळेल?"

*

सोमवारी किल्ली मिळाली, मंगळवारी ती नोर्राहुल्टला गेली. तोर्डिस तिच्याबरोबर, बाटल्यांची पेटी मांडीवर घेऊन. आता विद्यापीठाचं ओळखपत्र गळ्यात होतं, म्हणून इल्वाने दार उघडलं. तिच्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी होती, फिकट, किरकिरी, हातापायांनी बारीक. "हिचं वजनच वाढत नाही," इल्वा म्हणाली. "डॉक्टर म्हणतात थांबून बघू." इंगेलाने नळाखाली बाटली धरली. निघताना तिने निक्षून सांगितलं की निकाल येईपर्यंत या पाण्याचा थेंबही मुलीला देऊ नकोस.

पुढच्या मंगळवारी त्या निकाल घेऊन परत आल्या. सोमल मर्यादेच्या अकरापट होता.

इल्वाने कागद वाचला आणि खुर्चीवर बसली. मग उठून शीतकपाटापाशी गेली. चुंबकाखाली ते पत्र अजून तसंच होतं, नीट, कोपरे न दुमडता, देवाची तसबीर ठेवावी तसं. "पण त्यांनी लिहून दिलंय," ती म्हणाली. "बघा ना. ‘पाणी पिण्यास निर्धोक.’ मी रोज बघायचे. बाटली भरताना रोज बघायचे." तिचं बोट सगळ्यात खालच्या बारीक ओळीवर आलं. ‘आधार: लिलियेक्रांत्स, १९९४, पान २१२.’

"डॉक्टरांकडे आजच चला," इंगेला म्हणाली. "मी गाडी आणलीय. लवकर कळलं तर बरं होतं. पुष्कळदा होतं." ती मुलीला कडेवर घ्यायला पुढे झाली.

इल्वाने मुलीला दिलं नाही. ती पत्राकडेच बघत होती. "काय आहे त्या पानावर?" तिने विचारलं.

साठ विद्वान, अकरा हात, पन्नास हजार संदर्भ, आणि एकतीस वर्षं. हा साधा प्रश्न इतक्या वर्षांत विचारायचा राहून गेला होता. तोर्डिसने स्वतःही बोट सरकवलं होतं. आणि आज तो विचारत होती ती एक बाई, जिच्या ओट्यावर दुधाच्या सहा रिकाम्या बाटल्या वाळत होत्या.

तोर्डिसने खरं ते सांगितलं. व्याख्यान झालं नाही. त्या वेळात कॉफी दिली.

इल्वाने किटलीतलं पाणी मोरीत ओतलं आणि मुलीला अंगाशी घट्ट धरून गाडीकडे चालायला लागली.

चमत्कार करायला दाढी लागत नाही, राख लागत नाही, फक्त न उघडलेलं एक पान आणि ते उघडायचा आळस असलेली शहाणी माणसं लागतात. म्हणून उद्या तुमच्यासमोर कोणी मोठा आकडा धरला, तो शास्त्रज्ञाचा असो, डॉक्टरचा असो की शाळेचा, तर टाळी वाजवण्याआधी इल्वाचा प्रश्न विचारा: त्या पानावर काय आहे? उत्तर मिळेपर्यंत हलू नका. आणि विचाराल तेव्हा बाटली भरायच्या आधी विचारा.